हीटरमधून गार वारा: डॅशबोर्ड उतरवण्याआधी दोन होज चाचपून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निफाडजवळ राहता, गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ९६ हजार किलोमीटर झालेली. हीटरचा नॉब पूर्ण लालवर फिरवला तरी हायवेला गार वारा येतो, गावात गर्दीत मात्र जराशी ऊब लागते. डिसेंबरअखेर घरच्यांना घेऊन शिमल्याकडून हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या काझ्याला जायचं आहे. एक मिस्तरी म्हणाला एसीचा गॅस भरा. दुसरा म्हणाला हीटर कोर गेलाय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, चौदा हजार. तिसरा म्हणाला, आपल्याकडे हीटर लागतोच कुणाला.

भाऊ, पहिल्यांदा एक करा, गॅस भरू नका. हीटरचा आणि एसीच्या गॅसचा काडीचाही संबंध नाही. एसीचा कॉम्प्रेसर उद्या काढून भंगारात टाकलात तरी हीटर चालेल. नाशिक भागात गेली अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवतोय, दर थंडीत 'गॅस भरला तरी हीटर चालेना' म्हणणारे चार-दोन जण येतातच. गॅसचे पैसे गेले ते गेले, वर एसीत जास्त गॅस झाला म्हणून तो पुन्हा काढावा लागतो.

हीटर म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, डॅशबोर्डच्या आत बसवलेला वहीएवढा एक छोटा रेडिएटर. पेट्रोल जाळून जी उष्णता तयार होते तिच्यातली जेमतेम पाव हिस्साच चाकांपर्यंत पोचते. बाकीची बहुतेक सायलेन्सरमधून आणि कूलंटमधून, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यातून, वाया जाते. त्या वाया जाणाऱ्या गरम कूलंटचा एक फाटा दोन होजमधून, म्हणजे रबरी नळ्यांमधून, केबिनमध्ये आणलेला असतो. तो छोट्या रेडिएटरमधून फिरतो, ब्लोअर त्यावरून हवा फेकतो आणि ती तुमच्या पायांवर येते. या छोट्या रेडिएटरलाच हीटर कोर म्हणतात, आमच्यातले जुने लोक हीटर कॉइल म्हणतात. आत एक फ्लॅप असतो, तो हवा कोरवरून न्यायची की बाजूने सोडायची ते ठरवतो. तुमचा नॉब प्रत्यक्षात हा फ्लॅप हलवतो. काही जुन्या गाड्यांत होजवरच एक कॉक असतो आणि नॉबची केबल तो उघडते-मिटते.

म्हणजे गार वारा यायला तीनच कारणं उरतात. कूलंट गरमच होत नाही, गरम होतं पण कोरपर्यंत पोचत नाही, किंवा पोचतं पण हवा त्यावरून जात नाही. डॅशबोर्ड उतरवायची वेळ यातल्या थोड्याच प्रकारांत येते, आणि तीही शेवटी.

आता तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: हायवेला गार, गर्दीत कोमट. तुमच्या शब्दांवरून पैज लावायची तर मी थर्मोस्टॅटवर लावेन. एक तर तो उघडाच अडकलाय, नाहीतर कुणीतरी कधीतरी तो काढून टाकलाय.

थर्मोस्टॅट हा इंजिन आणि मोठ्या रेडिएटरमधला दरवाजा. इंजिन गार असताना तो बंद असतो, त्यामुळे कूलंट इंजिनातल्या इंजिनात आणि हीटरच्या फाट्यात फिरून लवकर तापतं. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास तो उघडायला लागतो आणि जास्तीची उष्णता रेडिएटरकडे सोडतो. तोच उघडा राहिला तर इंजिन सुरू केल्यापासून सगळं कूलंट रेडिएटरमधून फिरत राहतं. हायवेला ऐंशीच्या वेगाने समोरून वारा आदळतो आणि इंजिन ५५-६० अंशांच्या पुढे चढतच नाही. गर्दीत वारा नसतो, म्हणून जरा तापतं. तुम्हाला लागते ती ऊब एवढीच.

'काढून टाकलाय' असं का म्हणतो, तर आपल्याकडे ही रीतच होती. मे महिन्यात कसारा घाटात गाडी गरम झाली, माणूस वैतागून गॅरेजला आला, की मिस्तरी थर्मोस्टॅट उपटून हातात द्यायचा. 'आपल्या हवामानाला याची गरज नाही, हा थंड मुलखातल्या गाड्यांसाठी असतो.' गाडी गरम व्हायची थांबायची, गिऱ्हाईक खूश. खोटं कशाला बोलू, सुरुवातीच्या वर्षांत उस्तादाच्या सांगण्यावरून मीही असे दहा-वीस काढले असतील. मूळ रोग असायचा चोंदलेला रेडिएटर नाहीतर बंद पडलेला फॅन. तो तसाच राहायचा, फक्त दिसेनासा व्हायचा. आणि कार्ब्युरेटरच्या काळात जे खपून गेलं ते आताच्या गाड्यांत खपत नाही. इंजिन ६० अंशांवर राहिलं की कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून गारच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं. ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, ऑइल फिलरच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर धरतो. झाकण काढून बघा, तुमच्याकडेही असेल कदाचित.

गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाकडे काय काय झालं हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. पण तपासायला पैसा लागत नाही. सकाळी, गाडी रात्रभर गार पडलेली असताना बोनेट उघडा. रेडिएटरच्या वरच्या अंगाने इंजिनाकडे जाणारा जाड होज असतो, बहुतेक गाड्यांत त्याच्या इंजिनाकडच्या टोकाला थर्मोस्टॅट बसलेला असतो. गाडी सुरू करा आणि त्या होजवर हात ठेवा. बाही आणि ओढणी फॅनबेल्टपासून लांब. थर्मोस्टॅट नीट असेल तर इंजिन तापत असताना हा होज पाच-सात मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम, हात उचलावा लागेल इतका गरम होतो. तो 'एकदम' महत्त्वाचा. पहिल्या-दुसऱ्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर दरवाजा उघडाच आहे.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर मात्र फार विसंबू नका. आताच्या गाड्यांत तापमान साधारण पंचाहत्तर ते शंभरच्या वर कुठेही असलं तरी काटा मधोमध दाखवतो, लोक घाबरून शोरूम गाठू नयेत म्हणून तो तसा बसवलेला असतो. काही छोट्या गाड्यांत काटाच नाही, निळा दिवा आणि लाल दिवा एवढंच. निळा दिवा दहा-बारा किलोमीटर गेल्यावरही विझत नसेल तर तीही हीच खूण. खरा आकडा हवा असेल तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर मिळतो, मोबाइलवर कूलंटचं तापमान दिसतं. हायवेला ८५ ते ९५ दिसलं पाहिजे. साठीत अडकलं असेल तर निदान झालं. इंजिन लाइट लागली असेल आणि कोड पी-०१२८ असेल तर गाडीने स्वतःच सांगितलं म्हणायचं, तो कोड याच दुखण्याचा आहे.

थर्मोस्टॅट बदलणं हे बहुतेक पेट्रोल गाड्यांत तासाभराचं काम. होज काढायचा, हाउसिंगचे दोन-तीन बोल्ट, आत ती पितळेची चकती. जुना काढलात की फेकू नका, घरी एक गंमत करून बघा. मी नवीन पोरांना गॅरेजमध्ये पहिल्याच आठवड्यात हे दाखवतो. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबता सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि गॅस पेटवा. त्याच्या अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पाणी गार असताना चकती आणि कडा यांत कागदसुद्धा जात नाही. पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरायला लागतात, तोवर काहीच होत नाही, पोरं म्हणतात, काका, बिघडलेला दिसतोय. मग त्याच्या पोटातलं मेण वितळून फुगतं, दांडी सरकते आणि चकती हळूच वर उचलली जाते. नाशिकच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तोवर चांगला थर्मोस्टॅट आठ-दहा मिलिमीटर उघडलेला असतो. गॅस बंद केला की पुन्हा मिटतो. तुमचा गार पाण्यातच उघडा दिसला की प्रश्न संपला. नवीन बसवण्याआधी तोही असाच उकळून बघावा, खोक्यातून खराब निघालेले मी पाहिलेत. पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, घरात बोलणी बसतील ती वेगळीच.

बसवताना त्या चकतीवर एक बारीक हलणारी पिन असते, ती बहुतेक गाड्यांत वरच्या बाजूला येईल अशी ठेवायची. हवा निघून जायला ती वाट आहे. खाली ठेवली की आत हवा कोंडते आणि हीटर पुन्हा गारच, मग नवीन पार्टला शिव्या. पॅकिंग नवीन घ्या. थर्मोस्टॅट गाडीप्रमाणे पाचशे ते दीड हजारात येतो. चौदा हजार विसरा.

आता समजा तो होज व्यवस्थित वागला, म्हणजे पाच-सात मिनिटं गार आणि मग एकदम गरम झाला, स्कॅनरवरही ९० दिसतंय, तरी आत वारा गारच. तर मग पुढची तपासणी. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, बहुधा मधोमध, अंगठ्याएवढे दोन होज शेजारी शेजारी आत जाताना दिसतील. गाडी पूर्ण तापलेली, नॉब लालवर, ब्लोअर मध्यम. दोन्ही होज हाताने चाचपा, जुनं फडकं घेऊन. निम्मं निदान इथेच होतं. दोन्ही चटका बसेल इतके गरम असतील तर कोरपर्यंत उष्णता पोचतेय, म्हणजे दोष आतल्या फ्लॅपचा. एक गरम आणि दुसरा जेमतेम कोमट असेल तर पाणी आत जातंय पण पुढे सरकत नाही, कोर चोंदलाय किंवा कॉक अर्धवट मिटलाय. आणि इंजिन तापलेलं असून दोन्ही गार असतील तर तिथपर्यंत पाणीच येत नाही. हा तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, म्हणून आधी तो सांगतो.

कूलंट कमी झालं की पहिला उपाशी राहतो तो हीटर. बऱ्याच गाड्यांत कोर उंचावर असतो, पातळी उतरली की तिथे हवा शिरते. खूण अशी: रेस दिली की वारा गरम, सोडली की गार. कधी कधी डॅशबोर्डच्या मागून ओढ्यासारखा खळखळ आवाज येतो. बोनेटखालच्या प्लास्टिकच्या टाकीवर दोन रेघा असतात, गाडी गार असताना पातळी त्या दोन रेघांच्या मध्ये हवी. पण नुसती टाकी बघून समाधान मानू नका. रेडिएटरचं झाकण खराब असेल तर टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होतं. जिथे रेडिएटरला वेगळं झाकण आहे तिथे ते उघडून बघा, आणि हे मी ओरडून सांगतो, गाडी पूर्ण गार असतानाच. आत दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं पाणी असतं, झाकण फिरवलं की फवारा थेट तोंडावर. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग १९९९ चा आहे.

कूलंट कमी आढळलं तर ओतून मोकळे होऊ नका, ते गेलं कुठे ते शोधा. ही बंद यंत्रणा आहे, महिन्याला लिटरभर लागणं हे 'थोडंसं पिते' नव्हे. खाली ठिपका नाही, होजला ओल नाही आणि तरी कमी होतं, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगचा, संशय घ्यायचा. त्याच्या खुणा: सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर, टाकीत सतत बुडबुडे, सकाळी गाडी सुरू करताच वरचा होज दगडासारखा टणक. डिपस्टिकवर चहाच्या रंगाचं ऑइल दिसलं तर गाडी बंद करा आणि टोइंगने आणा.

माझ्याकडे येणारा एक द्राक्षवाला आहे, पिकअप चालवतो. एका जानेवारीत रात्री वणीकडून येत होता, हीटर मस्त चालू. मध्येच वारा गार झाला. काटा बघितला तर उलट खाली आलेला. त्याला वाटलं थंडी जास्त आहे, इंजिन गार पडलं. चालवत राहिला. सहा-सात किलोमीटरवर इंजिन जाम. खालचा होज फाटून पाणी केव्हाच सांडून गेलं होतं. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो, पाणी उतरून तो उघडा पडला की वाफेतलं काहीतरी तापमान दाखवतो. चालत्या गाडीत, आधी चांगला असलेला हीटर अचानक गार पडला तर ती हीटरची तक्रार नसते. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि मग विचार करा. हीटर लागतो कुणाला म्हणणाऱ्या तुमच्या तिसऱ्या मिस्तरीला हे सांगा. त्याला हेही सांगा की जुलैत माळशेज किंवा आंबोलीत आतून काच धुरकटली की एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावावे लागतात, एसी हवा कोरडी करतो आणि हीटर काच उबदार ठेवतो. आणि निफाडच्या पाऱ्याची बातमी दर थंडीत पेपरात येते, बागेत शेकोट्या पेटवून मणी वाचवता तुम्ही लोक, तुम्हालाच हीटर नको म्हणे.

चोंदलेल्या कोरचं कारण बहुतेक वेळा एकच: बोअरचं पाणी. कूलंट महाग म्हणून वर्षानुवर्षं नळाचं, विहिरीचं, बोअरचं पाणी भरायचं. त्यातले क्षार आणि इंजिनाचा गंज मिळून कोरच्या बारीक नळ्यांत चिखल बसतो. रेडिएटरच्या नळ्या त्यामानाने मोठ्या, तो अजून काही वर्षं तग धरतो. टाकीतलं कूलंट विटकरी रंगाचं दिसत असेल तर हा संशय पक्का धरा.

डॅशबोर्ड न उतरवता कोर धुता येतो. गार गाडीत ते दोन होज पत्र्याजवळून सोडवायचे. क्लिप पक्कडीने दाबून मागे सरकवा, होज चिकटलेला असेल तर ओढाताण करू नका, आधी थोडा पिळून सैल करा. जोर लावलात तर कोरची नळी वाकते आणि मग मात्र खरंच डॅशबोर्ड उतरतो. बागेची पाण्याची नळी आधी बाहेर जाणाऱ्या तोंडाला लावा, म्हणजे कोर उलटा धुतला जाईल. नळ जेमतेम सोडायचा. दुसऱ्या तोंडाखाली बादली. मागच्या थंडीत अशाच एका गाडीचा कोर धुतला, पहिल्यांदा काहीच येईना. मग थेंब थेंब, मग एकदम चॉकलेटी गढूळ लोट आला आणि त्यात भाकरीच्या पापुद्र्यासारखे गंजाचे पोपडे. दहा मिनिटांनी कोऱ्या चहासारखं, अर्ध्या तासाने स्वच्छ. दिशा तीन-चार वेळा उलटसुलट करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, घाई करणारे मारतात, जुन्या कोरचा सांधा तिथेच सुटतो. बाजारातली केमिकलं मी फारशी वापरत नाही. जिथे गंजानेच भोक बुजलेलं असतं तिथे ती गंज काढून भोक मोकळं करतात. बादलीतलं पाणी अंगणात ओतू नका, कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री चाटतात.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट बघून घ्या. ते दोन होज खरंच आत जातात ना? कोर गळायला लागला की आपल्याकडे सोपा इलाज करतात, दोन्ही होज एकमेकांना जोडून कोर बायपास. गळती थांबते, हीटर कायमचा संपतो, आणि गाडी विकताना कुणी सांगत नाही. पत्र्यातून बाहेर आलेल्या दोन नळ्या मोकळ्या, शेजारी एक वळसा घातलेला पाइप दिसला तर एवढा वेळ आपण उगाच डोकं लावलं म्हणायचं. तसंच कोर खरंच गळत असेल तर तो लपून राहत नाही: डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट चिकट ओलं, केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून पुसला तरी न जाणारा तेलकट थर. नुसतं स्वच्छ, वास नसलेलं पाणी असेल तर घाबरू नका, ते एसीच्या तुंबलेल्या ड्रेनचं. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही, म्हणूनच 'कोर गेलाय' हे निदान मला पटत नाही.

फ्लॅपचं थोडक्यात. केबलच्या गाड्यांत नॉब फिरवताना हाताला काही अडसरच लागत नसेल तर केबल निसटलेली असते, पायाशी वाकून टॉर्च मारली की दिसते आणि दोन मिनिटांत बसते. ऑटोमॅटिक क्लायमेट असेल तर फ्लॅपला छोटी मोटर असते, तिचे प्लास्टिकचे दात तुटले की तापमान बदलताना डॅशबोर्डमागे टिक-टिक-टिक वाजतं. मोटर बदलणं काही गाड्यांत सोपं, काहींत ग्लोव्हबॉक्स काढून बोटं सोलून घ्यायचं काम. आणि वारा गरम आहे पण फारच कमी येतोय असं असेल तर केबिन फिल्टर काढून झटका, उंदराचं घरटंही निघतं त्यात.

काम कुठलंही निघालं तरी शेवटी कूलंट बदलावं लागेल, आणि काझ्याला जायचंय तर इथे काटकसर नको. डिसेंबरअखेर तिथे रात्री पारा उणे वीसपर्यंत जातो. नुसतं पाणी असेल तर गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडतं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. 'मग शुद्धच टाका ना' म्हणणारे भेटतील. कूलंटमधलं शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच घट्ट होतं, शिवाय पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, तेव्हा निम्मं-निम्मंच. तयार मिसळलेलं घेणार असाल तर डब्यावर गोठणबिंदू लिहिलेला असतो, तो वाचून घ्या, आपल्या बाजारातले सगळे डबे त्या थंडीसाठी नसतात. रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल-निळा हा कंपन्यांचा मामला आहे, गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो घ्या आणि जुनं पूर्ण काढून भरा. आधीचं ठेवायचंच असेल तर रिफ्रॅक्टोमीटर असलेल्या गॅरेजमध्ये जा, ते किती थंडीपर्यंत टिकेल हे दोन थेंबांत कळतं.

भरताना घाई केली की आत हवा कोंडून एअर लॉक होतो आणि सगळी मेहनत पाण्यात. गाडीचं तोंड चढावर ठेवा, नॉब पूर्ण लालवर, हवा सोडायचा स्क्रू असेल तर ढिला. रेडिएटरच्या तोंडावर अर्धी कापलेली पाण्याची बाटली नरसाळ्यासारखी घट्ट बसवा आणि ती निम्मी भरलेली राहू द्या. गाडी सुरू करून तशीच सोडा. पहिले काही मिनिटं बारीक बुडबुडे, मग थर्मोस्टॅट उघडला की एक मोठा ढेकर येतो आणि बाटलीतली पातळी झपकन उतरते. तेवढं पुन्हा ओता. मधून मधून जाड होज हाताने दाबत राहा. रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. ज्यांना रेडिएटरचं झाकणच नाही, फक्त दाबाची टाकी आहे, त्यांत हेच काम टाकीवरून होतं. झाकण जुनं असेल तर नवीन टाका, उंचावर पाणी लवकर उकळतं, तिथे झाकणानेच दाब धरायचा असतो.

काम नीट झालंय की नाही ते असं बघा: सकाळी गार गाडीने ओझरपर्यंत एक फेरी मारा, मधल्या जाळीत साधा डिजिटल थर्मामीटर खोवा. गाडी तापल्यावर ५० च्या वर आकडा आला आणि ऐंशीच्या वेगातही तो उतरला नाही, तर काझ्याला चालेल. निघण्याच्या आदल्या आठवड्यात तीन सकाळी टाकीची पातळी पेनाने खूण करून बघा. सोबत मिसळलेलं दोन लिटर कूलंट आणि होजच्या दोन-तीन क्लिपा ठेवा, शिमल्यानंतर दुकानं विरळ होत जातात.

आणि हीटर चांगला झाला म्हणून बर्फात अडकल्यावर काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपू नका. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजतं आणि धूर आत येतो, त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानात मरीच्या रस्त्यावर बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून जास्त माणसं मेली, त्यातले काही थंडीने नव्हे तर या विषारी वायूने गेले असावेत असं तेव्हा सांगितलं गेलं. अडकलातच तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने मोकळा करा, दहा मिनिटं हीटर, मग इंजिन बंद, काच बोटभर खाली, आणि एक जण आळीपाळीने जागा.

उद्या सकाळी आधी तो वरचा होज चाचपा. किती मिनिटांनी गरम झाला आणि एकदम झाला की हळूहळू, एवढं कळवलंत तरी पुढचं सांगता येईल.